ब्लेअर शौचालय

झिंबाब्वेतील (तत्कालीन ऱ्होडेशिया) ब्लेअर संशोधन प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेला खड्ड्याचा संडास. पाणी न वापरता दुर्गंधी आणि माश्या दोन्ही रोखणे, हे त्याचे मोठेपण.

खड्ड्यातून एक उभा नळ छपराच्या वर सुमारे अर्धा मीटर नेतात. त्याच्या तोंडावरून वारा वाहिला की आतली हवा वर ओढली जाते. उन्हाने तापलेला नळही त्याला हातभार लावतो. ताजी हवा बैठकीच्या भोकातून खाली उतरते, म्हणून खोलीत वास साचत नाही. भोकावर झाकण ठेवायचे नसते, ते याचसाठी. खोली मात्र अंधारी हवी. खड्ड्यातल्या माश्या उजेडाकडे, म्हणजे नळात चढतात आणि वरच्या जाळीला अडकून मरतात.

देखभाल साधी, पण चुकवून चालत नाही. नळातली कोळिष्टके वरून पाणी ओतून काढावीत. खड्ड्यातील वायूंनी जाळी गंजते. फाटताच ती बदलावी. खड्ड्यात जंतुनाशक ओतू नये, त्याने मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. मैला बैठकीच्या खाली अर्ध्या मीटरवर आला की खड्डा मातीने बुजवून नवा खणावा किंवा उपसावा.