‘परकीय नसलेले’ : एका बंदिवासाची शब्दकळा

जॉन ओकादा यांची ‘नो-नो बॉय’ (१९५७) ही कादंबरी वर्गात शिकवताना आम्हांला पहिली अडचण येते ती फळ्यावर लिहायच्या शब्दाची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या रहिवाशांना काटेरी तारांआड ठेवले, त्या घटनेला मराठीत काय म्हणावे? स्थलांतर, स्थानबद्धता, की छळछावणी? हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. या इतिहासात अन्याय आधी भाषेत घडला आणि मग जमिनीवर, असे आम्हांला वाटते.

१९१३ च्या कॅलिफोर्नियातील जमीन कायद्यात ‘जपानी’ हा शब्दच नव्हता. ‘नागरिकत्वास अपात्र परकीयां’ना शेतजमीन विकत घेता येणार नाही, एवढेच त्यात म्हटले होते. अपात्र कोण, हे ठरवणारा निकष पुन्हा एका शब्दातच दडलेला होता : ‘गोरा’. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा यांना सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले, कारण ते कॉकेशियन वंशाचे नव्हते. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंड यांनी आपण कॉकेशियन असल्याचा युक्तिवाद केला, तेव्हा सामान्य माणसाच्या समजुतीतला ‘गोरा’ म्हणजे हिंदुस्थानी नव्हे, असे त्याच न्यायालयाने सांगितले. १९२४ च्या कायद्याने तर जपानमधून येणाऱ्यांसाठी दार जवळजवळ बंदच केले.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशातही जपान्यांचा नामोल्लेख नाही. पण त्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे १,२०,००० माणसे हलवली गेली. त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होती. खांबांवर लावलेल्या जाहीर सूचनांत त्यांना ‘नागरिक’ म्हटले नव्हते; ‘परकीय नसलेले’ म्हटले होते. नागरिकाला हक्क असतात. ‘परकीय नसलेल्या’ला फक्त एक नकार असतो.

मिने ओकुबो या चित्रकर्तीच्या कुटुंबाला १३६६० हा क्रमांक मिळाला. टॅनफोरानच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील तबेल्यात आणि पुढे यूटामधील टोपाझ छावणीत तिने रेखाटने केली. छावणीतील लोकांना छायाचित्रे काढण्याची मुभा नव्हती. १९४६ साली निघालेल्या तिच्या पुस्तकाच्या नावातच ‘नागरिक’ हा शब्द आणि तो क्रमांक शेजारी शेजारी उभे आहेत.

१९४३ मध्ये छावण्यांत निष्ठेची प्रश्नावली वाटण्यात आली. सत्ताविसावा प्रश्न सैन्यात जाण्याविषयीचा, अठ्ठाविसावा जपानच्या सम्राटावरील निष्ठा सोडण्याविषयीचा. ज्यांनी ती निष्ठा कधी धरलीच नव्हती, त्यांनी ती सोडायची कशी? आणि ज्या वृद्धांना अमेरिकेने नागरिकत्वच नाकारले होते, त्यांनी ‘होय’ लिहावे तर कोणत्याही देशाचे न उरण्याचे भय. ओकादांचा इचिरो हा सैन्यात जाण्यास नकार देऊन, तुरुंगवास भोगून सिएटलला परततो. ओकादा स्वतः मात्र अमेरिकेच्या सैन्यात होते. ज्याने ‘होय’ म्हटले त्यानेच ‘नाही’ म्हणणाऱ्याचे दुःख लिहिले, म्हणून ती कादंबरी आम्हांला मोठी वाटते. तिच्या समाजाने मात्र तिच्याकडे पाठ फिरवली. १९७१ साली लेखक वारला आणि १९७६ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली.

१९४४ च्या कोरेमात्सू खटल्यातही वाद शब्दांवर आला. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्या. ब्लॅक यांनी या जागांना ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’ म्हणण्यास हरकत घेतली, न्या. मर्फी यांनी भिन्नमतपत्रात सरळ ‘वंशवाद’ हा शब्द वापरला. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊ केले. कोरेमात्सूचा निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला २०१८ साल उजाडले.

तर मग फळ्यावर काय लिहावे? ‘छळछावणी’वर नाझी संहाराची छाया आहे. ‘स्थानबद्धता’ आपल्याला १९७५ च्या आणीबाणीपासून परिचित आहे. पण तिथे निदान माणसाच्या नावाने हुकूम निघत असे. इथे नावाची जागा क्रमांकाने घेतली होती. ‘स्थलांतर’ तर सत्तेचाच शब्द. म्हणून आम्ही ‘बंदिवास’ असे लिहितो, आणि विद्यार्थ्यांना सांगतो की हा शब्द त्या काळी सरकारी कागदांनी टाळला होता.