कल्याणचा विवाह आणि आपल्या घरचा होकार

उदगीर किंवा निलंग्याहून बसवकल्याण फार दूर नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. आज हे तालुके लातूर जिल्ह्यात आणि बसवकल्याण कर्नाटकात असले, तरी सोयरिकी, बाजारहाट आणि भाविकांची ये-जा राज्याची सीमा पाहून थांबलेली नाही. याच कल्याण नगरीत बाराव्या शतकात एक विवाह झाला आणि त्या विवाहापायी रक्त सांडले.

लिंगायत परंपरा सांगते की, महात्मा बसवेश्वरांच्या अनुयायांत हरळय्या हे चर्मकार होते व मधुवरस हे जन्माने ब्राह्मण. शरण झालेल्या माणसाला जात उरत नाही, या श्रद्धेने मधुवरसांनी आपली कन्या हरळय्यांच्या पुत्राला, शीलवंताला, दिली. सनातनी मंडळी संतापली. राजा बिज्जळाने दोन्ही व्याह्यांना हाल हाल करून ठार मारविले. पुढे उसळलेल्या क्षोभात खुद्द बिज्जळाचाही वध झाला आणि शरण दाही दिशांना पांगले. हा सारा काळ ११६७ च्या सुमाराचा.

ही कथा मराठवाड्यातील पुष्कळांना ठाऊक आहे. मात्र तिच्यातील एक गोष्ट आपण ध्यानात घेत नाही. परंपरेने स्मरणात ठेवले ते दोन पित्यांचे मरण. मुलांच्या पाठीशी वडीलधारे उभे राहिले, म्हणून समाजाची कुऱ्हाड प्रथम त्यांच्यावर पडली. आपल्या काळात बहुधा याच्या उलट घडते. समाजाच्या धाकाने वडीलधारेच कुऱ्हाड हाती घेतात आणि तिला ‘इज्जत’ असे नाव देतात.

या प्रश्नावर आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण काय, हे आता पाहू. इ. स. ८६६ मध्ये बल्गेरियातील नवख्रिस्ती जनतेने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप पहिले निकोलस यांनी असा निर्वाळा दिला की, विवाहाला वधूवरांची संमती पुरेशी आहे. ती नसेल तर बाकीचा सारा सोहळा व्यर्थ होय. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या विश्वपरिषदेपुढे हा प्रश्न पुन्हा आला. आईबापांच्या परवानगीवाचून झालेला विवाह मुळातच रद्द ठरवावा, असा फ्रान्सच्या राजदरबाराचा आग्रह होता. परिषदेने तो मानला नाही. चोरूनमारून होणाऱ्या विवाहांना आळा घालण्यासाठी धर्मगुरू व साक्षीदार यांची उपस्थिती तिने आवश्यक केली, परंतु विवाहाचा प्राण वधूवरांची संमती हाच राहिला. नोव्हेंबर १५६३ च्या त्याच आदेशात, आपल्या सत्तेखालील माणसांना बळजबरीने विवाह करावयास लावणाऱ्या सरदारांना व अधिकाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा फर्माविण्यात आली.

तत्त्व असे उज्ज्वल असले तरी आचरण नेहमी तसे राहिले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. युरोपातील कॅथोलिक राजघराणी तहाच्या कागदांबरोबर आपल्या लेकीही देत राहिली. सामान्य घरांतही हेच चाले. चौदाव्या शतकात सिएना नगरातील एका रंगाऱ्याच्या घरी कॅथरीनच्या लग्नाची घाई सुरू झाली, तेव्हा तिने आपले केस कापून टाकले. घरच्यांनी तिला शिक्षा म्हणून स्वयंपाकघरातील कामाला जुंपले. अखेर तिचे वडील जाकोमो यांनीच घरच्यांना बजावले की, यापुढे तिला कोणी छळू नये. संत कॅथरीनची महती आपण गातो. तिच्या पित्याने त्या दिवशी दाखविलेले मनाचे मोठेपणही आठवावयास हवे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचा विवाह त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. वयात आल्यावर त्यांनी नांदावयास जाण्यास नकार दिला. १८८४ साली दादाजींनी न्यायालयात धाव घेतली. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण दादाजींच्या अपिलानंतर प्रकरण पुन्हा उभे राहिले, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी पतीकडे जाण्याचा हुकूम दिला. न गेल्यास सहा महिने तुरुंग. आपण तुरुंग पत्करू, पण जाणार नाही, असे रखमाबाईंनी कळविले. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरतेस त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचा भक्कम आधार त्यांना लाभला होता. खटला चालू असतानाच १८८५ साली ते वारले, तरी त्यांनी दिलेले बळ रखमाबाईंना पुरले.

या खटल्यातील एक गोष्ट आपणा ख्रिस्ती वाचकांस अंतर्मुख करणारी आहे. पत्नीस नांदावयास भाग पाडणारा असा दावा हिंदू धर्मशास्त्राने दिलेला नव्हता. तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून, म्हणजे चर्चच्या न्यायालयांतून, येथे आला होता. ज्या ख्रिस्ती परंपरेने संमती हा विवाहाचा प्राण मानला, तिच्याच न्यायालयांत घडलेले शस्त्र संमती न दिलेल्या एका मराठी मुलीवर उगारले गेले.

यानंतर कायदे झाले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण असावे लागते. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते. याच्या मुळाशी गरिबी आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांत ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि मुकादमाची उचल जोडीमागे मिळते. गरिबीच्या जोडीला भीतीही आहे. पालावर वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईचा प्रश्न खोटा नाही.

मुलामुलींनी आपल्या मनाने निवड केली तर काय घडते, हेही आपण पाहिले आहे. २०१३ साली नगर जिल्ह्यातील सोनई येथे तीन दलित तरुणांची हत्या झाली. २०२३ साली नांदेड जिल्ह्यात एका विद्यार्थिनीच्या खुनाबद्दल तिच्याच घरच्यांना अटक झाली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात ढवळाढवळ करण्याचा अधिकार कोणत्याही जमावाला वा पंचायतीला नाही. अशा जोडप्यांसाठी संरक्षण व सुरक्षित निवारा यांची व्यवस्था करण्याचे आदेशही त्याने राज्यांना दिले.

“आपल्या ख्रिस्ती घरांत असे घडत नाही,” असे कोणी म्हणेल. येथे आपल्या धर्मसभेच्या कायद्याचा कलम ११०३ मननीय आहे. बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी झालेला विवाह रद्दबातल होय. ती भीती कोणी मुद्दाम घातलेली नसली तरीही. ‘आदरापोटी वाटणारी भीती’ असा एक प्रकार धर्मन्यायालये मानतात. बापाने हात उगारलेला नसतो. त्याने फक्त जेवण सोडलेले असते. आई बोलत नाही, देवघरापुढे रडत बसते. अशा घरात मुलगी जे ‘हो’ म्हणते, ते तिचे नसते. वेदीपुढे धर्मगुरू विचारतो, ‘तुम्ही स्वखुशीने आला आहात काय?’ तेव्हा बाहेर मांडव पडलेला, पाहुणे जमलेले असतात. त्या क्षणी नाही म्हणण्याचे धैर्य कोणत्या लेकीला होईल?

म्हणून हा प्रश्न आधी, साखरपुड्यापूर्वी, विचारला गेला पाहिजे. विवाहापूर्वीच्या चौकशीत धर्मगुरू वधू व वर यांना वेगवेगळे बसवून विचारतात, त्याचे कारण हेच. पालकांनी ती केवळ कागदपत्रांची बाब समजू नये आणि दाराशी थांबून राहू नये. घरीही मुलाला वा मुलीला एकांतात विचारावे, आणि ‘नाही’ हे उत्तर आले तर ते ऐकून घेण्याची तयारी ठेवूनच विचारावे. धर्मग्रामातील कोणा अल्पवयीन मुलीचे लग्न ठरल्याचे कळल्यास ग्रामसेवकाला सांगावे. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. मुलांसाठी १०९८ आणि जिवाला धोका असल्यास पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येक घरात माहीत असावेत. जिवाच्या भीतीने कोणी दार ठोठावले, तर ते आपल्या समाजाचे आहे की नाही हे विचारण्यापूर्वी त्याला आत घ्यावे.

हरळय्या आणि मधुवरस यांना आपल्या मुलांमागे उभे राहण्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली. आपल्याला बहुतेक वेळा मोजावी लागेल ती चार नातेवाइकांची नाराजी आणि भावकीतली कुजबुज. एवढी किंमत आपल्या प्रत्येक घराला परवडण्यासारखी आहे.