'याला उचला' हे वाक्य दोनशे वर्षं जुनं आहे

जरा मोठी पोस्ट आहे, पण सवड काढून वाचा.

गेल्या थंडीत आपल्या सावद्यातल्या एका ग्रुपवर फोटो आला. बंद दुकानाच्या ओट्यावर पोतं पांघरून झोपलेला एक म्हातारा. खाली धडाधड कमेंटी. "कुठला आहे हा?" "पोलिसांना सांगा, उचला याला." म्हाताऱ्यानं काही चोरलं होतं का? नाही. झोपला होता, एवढंच. मग उचलायचं कशासाठी? याचं उत्तर शोधायला थेट इंग्लंडात जावं लागतं.

नेपोलियनबरोबरची लढाई १८१५ साली संपली आणि इंग्लंडचे हजारो सैनिक घरी परतले. काम नव्हतं, छप्पर नव्हतं. खेड्यातलेही लोक पोटासाठी शहरांकडे निघाले होते. रस्त्यावर माणसं दिसू लागली तेव्हा सरकारनं १८२४ साली भटक्यांविरुद्ध कायदा केला. उघड्यावर किंवा कुणाच्या गोठ्यात झोपलेला माणूस सापडला आणि त्याला नीट कारण सांगता आलं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. भविष्य सांगून पोट भरणाऱ्यांनाही तीच शिक्षा.

हीच नजर घेऊन इंग्रज इथे वागले. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेकडे होता, १९११ नंतर आपल्या मुंबई इलाख्यातही आला. काही जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरल्या. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले.

पण सात वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. हा आपला, स्वतंत्र भारतातला. त्यात भिकारी कोण? गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे घेणाराही भिकारी. म्हणजे सकाळी दारात येणारा वासुदेव, नंदीबैलवाला, डोंबारी, सगळे आलेच की! पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि भीक मागत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरतोय, एवढंही पुरतं. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

कायद्यानं शिकवलेला हा संशय माणसांच्या मनातही मुरतो. १ जुलै २०१८ आठवतो? आपल्याच खानदेशात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. अफवा मोबाईलवरून फिरली होती. त्याच वर्षी ८ ऑगस्टला दिल्ली उच्च न्यायालयानं, दिल्लीत लागू असलेल्या याच मुंबईच्या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. आपल्या राज्यात मात्र कायदा अजून आहे.

बाहेरच्या देशांत काय चाललंय? अमेरिका एवढी श्रीमंत. तिथे जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या मोजणीत ७ लाख ७१ हजार बेघर निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, उघड्यावर झोपणाऱ्याला शहर दंड करू शकतं, निवाऱ्यात जागा नसली तरी. ज्याच्याकडे भाडं नाही तो दंड कुठून भरणार, हे भाऊ तुम्हीच सांगा.

फिनलंडनं उलटं केलं. १९८७ मध्ये तिथे सुमारे १८ हजार बेघर होते. घरं बांधणं, मिळवणं तेव्हापासूनच चालू होतं. २००८ पासून त्यांनी धोरणच केलं, की आधी घर द्यायचं. दारू सोड, काम शोध, मग बघू, ही अट नाही. रात्रनिवारे मोडून तिथे छोटे फ्लॅट केले, माणसाच्या नावानं भाडेकरार केला, आणि उपचार-कामधंद्याचं नंतर पाहिलं. २०२३ पर्यंत आकडा साडेतीन हजारांच्या आत आला. २०२४ मध्ये थोडा वाढला, हेही खरं. "तो देश श्रीमंत आहे हो," असं कुणी म्हणेल. अमेरिकाही श्रीमंतच आहे. फरक पैशांचा नाही. एकानं माणसाला गुन्हेगार धरलं, दुसऱ्यानं भाडेकरू.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले, महाराष्ट्रात २ लाखांवर. शहरी निवाऱ्याचा निकष आहे एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय. आता आपलं सावदा वीसेक हजारांचं. या हिशेबात आपण बसतच नाही. केळीच्या कामाला सातपुड्यातून येऊन ताडपत्रीखाली राहणारी कुटुंबं आणि ओट्यावरचा तो म्हातारा, कागदावर कुठेच नाहीत.

१ मार्च २०२७ च्या तारखेची जनगणना येतेय. मागच्या वेळी बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. या खेपेला स्टँड, स्टेशन, बाजाराचे ओटे, शेताच्या बांधावरचे पाल, सगळं मोजलं जावं म्हणून आपण प्रगणकासोबत फिरायला तयार आहोत का? आणि थंडीचे तीन महिने नगरपालिकेनं एक खोली, चार सतरंज्या, पाण्याची सोय करावी, अशी मागणी मी करतोय. सोबत कोण आहे ते कमेंटमध्ये सांगा.

आणि पुढच्या वेळी असा फोटो दिसला तर "उचला" लिहिण्याआधी एकदा जवळ जाऊन विचारा, "बाबा, जेवले का?"