स्थानकाची जागा आणि मार्गाची किंमत : पुणे मेट्रोच्या आखणीचा इतिहास

पुण्यात आगगाडी १८५८ च्या जूनमध्ये आली, पण ती पेठांपर्यंत आली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग खुला केला तेव्हा स्थानक शहराच्या ईशान्येला, लष्कराच्या छावणीलगत उभारण्यात आले आणि लोहमार्ग जुन्या गावाला उत्तरेकडून वळसा घालून गेला. त्यामुळे बुधवार, रविवार किंवा कसबा पेठेतील रहिवाशाला गाडी गाठण्यासाठी टांगा करावा लागे, किंवा पायी जावे लागे. पेठांच्या पोटात रेल्वेचे, तेही मेट्रोचे, स्थानक येण्यास २०२४ साल उजाडले. नकाशावरील मार्गाची रेषा घोषणेने ठरत असली, तरी त्या मार्गाचा नागरिकांना होणारा उपयोग आणि सार्वजनिक तिजोरीवर पडणारा भार स्थानकांची संख्या आणि जागा यांवर अवलंबून असतो, हे पुणे मेट्रोच्या आखणीच्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

मेट्रोपूर्वीही शहरात मोठ्या क्षमतेच्या वाहतुकीचे प्रयत्न झाले होते. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवतीच्या वर्तुळाकार जलद वाहतूक मार्गासाठी जागा राखण्यात आली, परंतु तो मार्ग कागदावरच राहिला. २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका आखून देशातील पहिल्या बीआरटी प्रयोगांपैकी एक सुरू झाला, पण पुढे त्या मार्गिकांची दुरवस्थाच अधिक गाजली.

मेट्रोचा सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे मार्ग, स्थानके, अपेक्षित प्रवासी, खर्च आणि निधीची उभारणी यांचा एकत्रित हिशेब मांडणारा दस्तऐवज, दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने तयार केला. त्यावर अनेक वर्षे वाद झाल्यानंतर ७ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी अशा ३१.२५ किलोमीटरच्या दोन मार्गिकांना ११,४२० कोटी रुपयांची मंजुरी दिली. केंद्र व राज्य यांचा प्रत्येकी सुमारे एक पंचमांश वाटा, दोन्ही महापालिकांचा एक दशांश आणि उरलेली जवळपास निम्मी रक्कम कर्जातून, अशी निधीची ढोबळ रचना होती. या कर्जासाठी युरोपीय गुंतवणूक बँक आणि फ्रान्सची विकास संस्था पुढे आल्या. मंजूर खर्चाला लांबीने भागले तर किलोमीटरमागे सुमारे ३६५ कोटी रुपये पडतात, मात्र ही सरासरी फसवी आहे, कारण तिच्यात खांबांवरून जाणारा स्वस्त उन्नत मार्ग आणि जमिनीखालून जाणारा महाग भुयारी मार्ग एकत्र मिसळले आहेत. त्या मंजुरीत भुयारी भाग जेमतेम पाच किलोमीटरांचा होता, तोही केवळ पहिल्या मार्गिकेवर.

उन्नत आणि भुयारी मार्गांच्या खर्चातील अंतर पुढील मंजुऱ्यांवरून नेमके मोजता येते. पिंपरीपासून निगडीपर्यंतचा ४.४१ किलोमीटरांचा उन्नत विस्तार २०२३ मध्ये ९१० कोटी रुपयांना मंजूर झाला, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे २०६ कोटी; स्वारगेट ते कात्रज हा ५.४६ किलोमीटरांचा भुयारी विस्तार ऑगस्ट २०२४ मध्ये २,९५४ कोटी ५३ लाख रुपयांना मंजूर झाला, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ५४१ कोटी. हा फरक केवळ बोगद्यामुळे पडत नाही. बोगदा खोदणारे यंत्र दख्खनच्या काळ्या कातळातून एकसारखे पुढे सरकते, पण स्थानकासाठी सहसा वरून खोल खड्डा घ्यावा लागतो, आजूबाजूच्या इमारतींचे पाये सांभाळावे लागतात, रस्ता वळवावा लागतो आणि जलवाहिन्या हलवाव्या लागतात. म्हणून खर्च कमी करण्याचा दबाव आला की आखणीकारांची नजर प्रथम स्थानकांच्या संख्येकडे वळते.

दुसऱ्या, म्हणजे वनाज ते रामवाडी, मार्गिकेचा मूळ रेखांकनातील प्रवास कर्वे रस्त्यावरून डेक्कनला आणि तेथून जंगली महाराज रस्त्याने होता. दुकाने, नाट्यगृहे, बसथांबे आणि पायी चालणारी गर्दी यांचा हा रस्ता असल्याने प्रवाशाच्या सोयीच्या दृष्टीने ती निवड नैसर्गिक होती, परंतु रस्त्यावर खांब व पूल उभे राहण्यास तीव्र विरोध झाला आणि पाताळेश्वराच्या संरक्षित लेण्याचा प्रश्नही होता. तत्कालीन पालकमंत्री गिरीश बापट यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या विचारविनिमयानंतर मार्ग मुठा नदीच्या काठाकडे सरकवण्यात आला, आणि नदीपात्रातील सुमारे पावणेदोन किलोमीटरांच्या या टप्प्याविरुद्ध पत्रकार दिलीप पाडगावकर, उद्योजिका अनू आगा आणि इतर नागरिकांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. पात्रातील खांबांमुळे पुराच्या पाण्याला अडथळा होईल, हा त्यांचा आक्षेप १९६१ चा पानशेतचा पूर अनुभवलेल्या शहरात दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. २०१७ च्या प्रारंभी कामाला अंतरिम स्थगिती मिळाली आणि पुढे अटींसह काम सुरू झाले. या निर्णयाची किंमत प्रकल्पाच्या ताळेबंदात पूर्णपणे दिसत नाही: डेक्कन आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानके रस्त्याऐवजी नदीकडेला गेली, प्रवाशाला रस्त्यापासून आत चालावे लागते, आणि पलीकडील पेठांना स्थानकांशी जोडण्यासाठी नदीवर स्वतंत्र पादचारी पूल बांधावे लागले. रस्त्याचे रूप वाचले हे खरे. पण वाचलेल्या प्रत्येक खांबाचा हिशेब मांडताना रोज वाढलेली पायपीटही मोजणे न्याय्य ठरले असते.

स्मारकांनी इतरत्रही मार्ग वळवला. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरांच्या आत बांधकामास कायद्याने मनाई असल्यामुळे आगाखान पॅलेससमोरून नगर रस्त्याने जाणारी मार्गिका कल्याणीनगरमधून नेण्यात आली आणि त्या वस्तीला अनपेक्षितपणे स्थानक मिळाले. भुयारी भागात कसब्यातील स्थानकाची मूळ जागा दाट वस्तीत येत होती. अनेक कुटुंबांचे स्थलांतर टाळण्यासाठी ती फडके हौदाजवळील महापालिकेच्या शाळेच्या जागेकडे हलवण्यात आली. जुन्या वाड्यांच्या दाटीत इतका बदल घडवून आणणे हे या साऱ्या आखणीतील सर्वांत समंजस काम म्हणावे लागेल. दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात तेथे, जिल्हा न्यायालयाजवळ, एकाच ठिकाणी खाली भुयारी आणि वर उन्नत असे अदलाबदलीचे स्थानक उभे राहिले. हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिकाही तेथेच येऊन मिळावी अशी आखणी झाली, जरी ती पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने खासगी भागीदारीतून स्वतंत्रपणे हाती घेतली होती.

खर्च आणि स्थानक यांचा संघर्ष सर्वांत उघडपणे कात्रजच्या विस्तारात दिसला. केंद्राच्या मंजुरीत मार्केट यार्ड, बिबवेवाडी, बालाजीनगर आणि कात्रज या वस्त्या जोडल्या जातील असे म्हटले होते, परंतु स्थानके तीनच होती, म्हणजे सरासरी पावणेदोन किलोमीटरांहून अधिक अंतरावर एक. सातारा रस्त्यालगतच्या दाट वस्तीत एवढ्या अंतरामुळे मधल्या रहिवाशांना जमिनीखालून जाणारी मेट्रो केवळ ऐकू यावी अशी स्थिती झाली असती, म्हणून स्थानिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी वाढीव स्थानकांची मागणी लावून धरली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर व बिबवेवाडी अशी दोन स्थानके वाढवण्यास आणि कात्रजचे स्थानक दक्षिणेकडे हलवण्यास मान्यता दिली, त्यासाठी सुमारे ६८३ कोटी रुपयांचा वाढीव खर्च धरला गेला, आणि स्थानकांमधील सरासरी अंतर सुमारे १.१ किलोमीटरवर आले. या विस्ताराच्या पहिल्या आखणीत वाचवलेले पैसे अशा रीतीने परत खर्चात आले. तरीही हा निर्णय बोगद्याचे काम होण्यापूर्वी झाला हे महत्त्वाचे, कारण धावत्या भुयारी मार्गावर नंतर स्थानक घालायचे तर बोगद्याचा तो भाग फोडावा लागतो, गाड्या थांबवाव्या लागतात आणि खर्च मूळ स्थानकाच्या कितीतरी पट होतो.