यशवंतराव चव्हाण यांचे सार्वजनिक स्मरण : एक चिकित्सा

प्रस्तावना

कराड येथील कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरील यशवंतराव चव्हाण यांची समाधी हे महाराष्ट्राच्या राजकारणातील एक श्रद्धास्थान बनले आहे. १२ मार्च या जयंतीदिनी व २५ नोव्हेंबर या पुण्यतिथीस परस्परविरोधी पक्षांचे नेते तेथे अभिवादनासाठी येतात. ‘आधुनिक महाराष्ट्राचे शिल्पकार’, ‘सुसंस्कृत राजकारणी’ व ‘हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री’ ही विशेषणे भाषणांतून, गौरवग्रंथांतून व पाठ्यपुस्तकांतून पुनःपुन्हा येतात. ती निराधार आहेत असे नाही. परंतु गौरवाचे रूपांतर इतिहासात होत असताना काय वगळले जाते, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात या स्मरणाच्या स्वरूपाची चिकित्सा केली आहे.

मंगल कलश आणि हुतात्मा चौक

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली व यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांनी राज्याचा मंगल कलश आणला, ही प्रतिमा तेव्हापासून रूढ आहे. याउलट मुंबईतील हुतात्मा चौक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण गमावलेल्या शंभराहून अधिक व्यक्तींची आठवण जागी ठेवतो. आज महाराष्ट्रदिनी ही दोन्ही स्मरणे शेजारी-शेजारी नांदतात. त्यांतील संघर्ष मात्र विस्मृतीत गेला आहे.

१९५५-५६ च्या वादात यशवंतरावांनी पक्षशिस्तीची बाजू घेतली. महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करावयाची झाल्यास आपण नेहरूंना मोठे मानू, या आशयाच्या त्यांच्या फलटण येथील उद्गारांनी जनमत प्रक्षुब्ध झाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची वाताहत झाली आणि कराडमधून ते स्वतः अल्प मताधिक्याने निवडून आले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावरील शिवपुतळ्याच्या अनावरणप्रसंगी नेहरूंना संयुक्त महाराष्ट्र समितीच्या निदर्शनांना सामोरे जावे लागले. द्वैभाषिक राज्य टिकणार नाही, हे दिल्लीला पटवून देण्यात यशवंतरावांचा वाटा मोठा होता. परंतु त्यांच्या युक्तिवादाला वजन आले ते रस्त्यावरील लढ्यामुळे. म्हणजेच मंगल कलश हा जनआंदोलन आणि पक्षांतर्गत मुत्सद्देगिरी या दोहोंचे फलित होय. तो एका व्यक्तीच्या हाती देणे हे इतिहासाचे सुलभीकरण ठरते.

‘शिल्पकार’ या संकल्पनेच्या मर्यादा

१९५८ च्या कायद्याने झालेले महार वतनाचे उच्चाटन, आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना दिलेली शुल्कसवलत, साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आणि सहकाराला दिलेले पाठबळ या कार्याचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा व सहकाराचा लाभ सर्व स्तरांपर्यंत सारख्या प्रमाणात पोहोचला नाही. साखर कारखाने, जिल्हा बँका व जिल्हा परिषदा यांवर प्रामुख्याने जमीनधारक शेतकरी वर्गातील नेतृत्वाची पकड बसली. भूमिहीन, कोरडवाहू शेतकरी व दलित समाज निर्णयप्रक्रियेच्या कडेलाच राहिले. ‘शिल्पकार’ या शब्दाने श्रेय एका व्यक्तीकडे जाते, तसेच या विषमतेची चर्चाही थांबते.

‘सह्याद्री’च्या प्रतिमेचेही तसेच आहे. यशवंतरावांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्रिपद स्वीकारले, त्याच सुमारास चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला होता. त्यांचे खरे कार्य त्यानंतरचे, म्हणजे पराभवाने खचलेल्या सेनादलांच्या पुनर्बांधणीचे आहे. १९६५ च्या युद्धात त्याची कसोटी लागली. हे चिकाटीचे प्रशासकीय काम घोषवाक्यात मावत नाही, म्हणून ते स्मरणातही फारसे येत नाही.

मौनाचा कालखंड

सर्वांत मोठी पोकळी १९७५ नंतरच्या कालखंडाबाबत दिसते. आणीबाणीच्या काळात यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते. फेब्रुवारी १९७७ मध्ये जगजीवनराम सरकारबाहेर पडले. यशवंतराव पडले नाहीत. त्यानंतर ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले, १९७९ मध्ये चरणसिंग मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले आणि १९८१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये परतले. लोकशाही मूल्यांचा पुरस्कर्ता अशी ख्याती असलेल्या नेत्याच्या या निर्णयांची मीमांसा गौरवग्रंथांत क्वचितच आढळते.

स्वतः यशवंतरावांचे निवेदनही येथे उपलब्ध नाही. तीन खंडांत आत्मचरित्र लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यांपैकी ‘कृष्णाकाठ’ हा पहिला खंड १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कथन १९४६ पाशी थांबते. पुढील खंड पूर्ण होण्यापूर्वीच २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. सत्तेच्या काळाविषयी नायकाने लिहिले नाही. ती जागा वारसदारांच्या भाषणांनी भरून काढली.

वारशाचे राजकारण

२ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडली. दुसऱ्याच दिवशी शरद पवार प्रीतिसंगमावर गेले. समाधी हे वारसा सांगण्याचे ठिकाण कसे बनते, याचे हे ठळक उदाहरण होय. १९७८ मध्ये पवारांनी वसंतदादा पाटील यांचे सरकार पाडले, त्यास यशवंतरावांची संमती कितपत होती, याविषयी आजही मतभेद आहेत. ज्या नेत्याच्या हयातीतच पक्ष फुटले व जुळले, त्याचे नाव निष्ठेचे प्रमाणपत्र म्हणून वापरले जावे, ही विसंगती लक्षणीय आहे.

समारोप

यशवंतरावांचे मोठेपण त्यांच्यातील अंतर्विरोध झाकल्याने वाढत नाही. पक्षनिष्ठा व प्रादेशिक अस्मिता, समाजवादी विचार व सत्तेची गणिते, संवाद व मौन यांच्या ताणातूनच त्यांचे नेतृत्व घडले. महाविद्यालयीन अध्यापनात जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांपलीकडे जाऊन विधिमंडळातील चर्चा, तत्कालीन वृत्तपत्रे व विरोधकांचे लेखन यांच्या आधारे त्यांचा अभ्यास व्हावयास हवा. अन्यथा विद्यार्थ्यांच्या हाती यशवंतराव येणार नाहीत. केवळ त्यांची विशेषणे येतील.