विदर्भकन्येचे सासर आणि गायकवाडांची द्वारका

पाठीवर पिशवी टाकून देशोदेशी हिंडणाऱ्या तरुण जोडप्यांचे आज मोठे कौतुक होते. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. आपले पूर्वज तिला यात्रा म्हणत. वळकटी, तांब्या, चार दिवसांचा शिधा आणि सोबतीला सहधर्मचारिणी, एवढ्या सामग्रीवर माणसे काशी, रामेश्वर, द्वारका गाठीत. निवृत्तीनंतर मी आणि सौ.ने हाच परिपाठ धरला. वळकटीची जागा पाठपिशवीने घेतली, एवढाच फरक. अशाच एका भ्रमंतीत आम्ही रामाकोन्याहून नागपूरमार्गे द्वारकेस गेलो आणि तेथे पाच दिवस राहिलो. त्या मुक्कामात मनात आलेला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच. परमुलखात गेलेला मराठी माणूस एके ठिकाणी रुजतो आणि दुसरीकडे मागमूस न ठेवता नाहीसा होतो, हे कशामुळे?

द्वारका ज्या प्रदेशात आहे, त्याचे जुने नाव ओखामंडल. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा हा भूभाग. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला कच्छचे आखात आणि मुख्य भूमीकडच्या बाजूला खारवट रण. पाऊस थोडा, झाडी काटेरी, विहिरींचे पाणी मचूळ. वाळवंट आणि समुद्र यांच्या कचाट्यातले हे गाव, पण चैतन्य असे की पाय खोलीत ठरत नाही. पहाटे गोमती घाटावर स्नानाची झुंबड, दुपारी मंदिराच्या शिखरावर चढणारा बावन्न गजी ध्वज आणि त्यापुढे वाजतगाजत नाचणारी मंडळी, सायंकाळी वाळूवर सजवलेले उंट. धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात सौ.ने दुसऱ्याच दिवशी प्रवेश मिळवला. तिच्या दशम्या आणि तेथील बायकांचे थेपले यांची देवाणघेवाण सुरू झाली. दोन्ही बाजूंना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी गप्पा थांबल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या रुक्मिणीमंदिरात गेलो. द्वारकाधीशाच्या मंदिरापासून हे सुमारे दोन किलोमीटर दूर. पतीचे देऊळ गावात आणि पत्नीचे वेशीबाहेर, याची कथा तेथील पुजारी सांगतात. दुर्वासाचा रथ श्रीकृष्ण-रुक्मिणी स्वतः ओढीत होते. रुक्मिणीला तहान लागली. कृष्णाने अंगठा दाबून गंगा प्रकट केली. ऋषींना न विचारता ती पाणी प्यायली, म्हणून बारा वर्षांच्या विरहाचा शाप मिळाला आणि भोवतालचे पाणी खारे झाले. यास्तव येथे जलदान करण्याची प्रथा आहे. पुजाऱ्याने सौ.ला गाव विचारले. ती चटकन म्हणाली, "विदर्भातले आहोत, रुक्मिणीच्या माहेरचे." मी तिला हळूच म्हटले, "अगं, आपण मध्यप्रदेशातले." ती म्हणाली, "अहो, ते तुमच्या कागदावर!"

तिचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नव्हते. रुक्मिणीचे कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, असे परंपरा मानते आणि तेथून तिची पालखी आषाढीस पंढरपूरला जाते. रुसून द्वारका सोडलेली रुक्मिणी दिंडीरवनात आली आणि तिच्या शोधात आलेला देव पंढरीस विटेवर उभा राहिला, असेही आपली लोककथा सांगते. महानुभाव पंथाने ज्यांना पंचकृष्णांत गणले, ते चांगदेव राऊळ मूळचे फलटणचे. हाती खराटा आणि सूप घेऊन ते द्वारकेचे रस्ते झाडीत. मराठी मनाचा द्वारकेशी असा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा आहे.

राजकीय संबंधही थोडाथोडका नाही. १८१७ साली ओखामंडल बडोद्याच्या गायकवाडांकडे आले. स्थानिक वाघेरांना ही सत्ता मानवली नाही. १८२० मध्ये त्यांनी बंड केले आणि १८५८-५९ मध्ये पुन्हा उठाव करून द्वारका व बेट ताब्यात घेतले. इंग्रजांनी समुद्रातून तोफा डागून तो मोडला. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात, १९२६ साली, ओखा बंदर सुरू झाले. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे मराठी राजघराण्याचा अंमल तेथे एकशे बत्तीस वर्षे होता. तरीही त्या पाच दिवसांत बाजारात, घाटावर, धर्मशाळेत मराठी बोलणारे आम्हाला भेटले ते आमच्यासारखे यात्रेकरूच.

आता आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे पाहू. अठराव्या शतकात देवगडचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. तो अंमल तर १८५३ सालीच संपला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, दप्तराची भाषा बदलली. माझी स्वतःची नोकरी हिंदीत टिपणे लिहिण्यात गेली. पण पोळा, मारबत, गुढी आणि घरातली बोली टिकली.

कारण उघड आहे. द्वारकेस मराठी सत्ता गेली ती मुख्यतः कारभारासाठी. माझ्यासारखाच बदलीचा माणूस मुदत संपली की परतणार. कान्हान आणि जाम नद्यांच्या खोऱ्यात मात्र कुणबी, माळी, तेली, कोष्टी अशी कुटुंबे बायकामुलांसह आली. त्यांनी जमीन कसली, विहिरी खणल्या, मुलींची लग्ने याच पंचक्रोशीत केली. भाषा फर्मानाच्या आधारे आली नव्हती, म्हणून फर्मान गेल्यावर ती गेली नाही. तिला चुलीपाशी जागा होती.

आज ती जागा आक्रसते आहे, हे आपण सारे जाणतो. आजीने मराठीत विचारावे आणि नातवाने हिंदीत उत्तर द्यावे, असे आपल्या घराघरांत घडते. याचा दोष राज्यावर किंवा शाळेवर ढकलता येईल. पण १८५३ नंतर आपली बोली कोणत्याही राज्याच्या आश्रयावर जगलेली नाही. घरातल्या माणसांनी ती रोज बोलली, म्हणून ती उरली. रुक्मिणीच्या दारी आजही यात्रेकरू गोड्या पाण्याचे दान करतात. कोणा एका राजाने एकदाच दिलेल्या देणगीवर ती प्रथा चालत नाही, येणारा प्रत्येक जण आपल्या ओंजळीपुरते देतो. आपल्या घरातल्या मराठीचेही तसेच आहे.