अंगणातला आझाद दरख्त

गावाचा इतिहास आपण वाड्यांत, दर्ग्यांत आणि शिलालेखांत शोधतो. दारातल्या झाडाला मात्र कुणी इतिहास विचारत नाही. माळेगाव बुद्रुकसारख्या गावात तो तिथेही सापडतो.

हा मूळचा अवर्षणाचा मुलूख. बारामती परिसरात वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला, मग ऊस आला, १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखाना आला. त्याआधी दारात झाड लावणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असणार तो एवढाच : विहीर आटली तर हे जगेल का? कडुलिंब जगतो. फाल्गुनात पाने गाळतो, चैत्रात पालवतो आणि वैशाखाच्या उन्हाआधी सावली तयार ठेवतो.

लिंबाच्या शास्त्रीय नावात फारसीतला ‘आझाद दरख्त’ लपलेला आहे. हे नाव मुळात त्याच्या चुलतभावाचे, बकाणलिंबाचे. चिंचेची कथा याहून गमतीची. झाड मूळचे आफ्रिकेचे. पण अरबांनी त्याला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले आणि त्यावरून इंग्रजांचे ‘टॅमरिंड’ झाले. बाहेरून आलेली चिंच जगभर हिंदुस्थानचे नाव मिरवते. किती पिढ्या सावली दिली म्हणजे झाड इथले होते, असा हिशेब कुणी तिला मागितला नाही. आपल्या आमटीने तर नाहीच नाही.

पाणी आले की निवड डोळ्यांनी होऊ लागते. मादागास्करचा गुलमोहर फुलला की मन हरखते. पण ऐन चैत्रात तो बहुधा उघडाबोडका असतो आणि वादळात त्याच्या फांद्या मोडतात. छपराजवळ तो नको. वड-पिंपळाची मुळे भिंती फोडतात. त्यांची जागा पारावर.

झाड वाढायला लागणारा काळ राज्यकर्त्यांनीही ओळखला होता. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी लिहिताना बजावले, की रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत. झाड फारच जीर्ण असेल, तरच धन्याला राजी करून, मोबदला देऊन न्यावे. आज अंगणात फरशी बसवण्यासाठी किंवा गाडी लावण्यासाठी आजोबांच्या हातचा लिंब एका सकाळीत आडवा होतो. तिथे जबरी करणारे सरकार नसते, आपणच असतो.

नवे घर बांधणाऱ्याने पश्चिमेला, भिंतीपासून दहा-पंधरा फूट सोडून एक लिंब लावावा. पहिली दोन-तीन वर्षे पाणी घालावे, शेळ्यांपासून जपावे. पुढचे तो बघतो. सकाळी त्याची सावली पलीकडच्या शेजाऱ्याच्या अंगणात पडेल, दुपारनंतर आपल्या. कुंपण आपण घालतो, सावली ते मानत नाही.